कणसूर चालेल, शब्द कळले पाहिजेत: घरच्या खोलीत लो-फाय पॉप

यूट्यूबवर 'लो-फाय' टाकलं की जुनी हिंदी गाणी संथ करून, घुमारा चढवून, मागे पावसाचा आवाज लावलेली सापडतात. या लेखाचा त्यांच्याशी संबंध नाही. इथे बोलायचंय ते एकट्यादुकट्याने आपल्या खोलीत, हाताशी असेल त्या साध्या यंत्रावर, स्वतःच रचून, वाजवून आणि गाऊन ठेवलेल्या पॉप गाण्यांबद्दल. ही गाणी घरात लावली की दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "हे काय बेसूर लावलंय, बंद कर." दुसरा तेच गाणं परत लावतो. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांच्या गायकीवर वाढलेल्या इंदूरच्या मराठी घरांत पहिला पक्ष जरा जास्तच भरतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून आधी ऐकायचं कसं ते पाहू, करायचं कसं ते नंतर.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

लो-फाय (लो फिडेलिटी, म्हणजे मुद्रणाचा कच्चेपणा) हा यंत्राचा गुण, आउटसायडर (म्हणजे संगीताच्या रूढ चाकोरीबाहेरचा) हा माणसाचा. बहुतेक भांडणं या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे होतात.

78 आरपीएमच्या तबकडीवरचं जुनं नाट्यपद आजोबा डोळे मिटून ऐकतात. त्यात खरखर असते, खालचा आणि वरचा आवाज कापलेला असतो, पण कोणी तक्रार करत नाही. म्हणजे खरखर ही अडचण नव्हतीच. तिथे यंत्र कमकुवत आणि गाणारा कसलेला, आणि कान ही सूट आपोआप देतो. इथे मात्र यंत्रही कच्चं आणि पुष्कळदा गळाही कच्चा. कानाला टेकायला काहीच सापडत नाही, म्हणून तो चिडतो.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रीमाँट गावच्या विगिन बहिणींचा 'द शॅग्ज' हा बँड. त्यांनी 1969 मध्ये चांगल्या व्यावसायिक स्टुडिओत तबकडी केली. यंत्रं व्यवस्थित होती, पण ड्रम एका लयीत, गिटार दुसऱ्या लयीत आणि गाणं तिसरीकडेच. हे आउटसायडर, पण लो-फाय नव्हे. याच्या उलट ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा 'नेब्रास्का' हा अल्बम: पट्टीचा गायक, पण मुद्रण घरात, चार ट्रॅकच्या (म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेऊन नंतर मिसळता येणाऱ्या) कॅसेट यंत्रावर. ते लो-फाय, पण आउटसायडर नव्हे. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या डॅनियल जॉन्स्टन या गायक-गीतकाराकडे (1961–2019) दोन्ही होतं. म्हणूनच त्याच्याबद्दल सगळ्यात टोकाची मतं ऐकू येतात.

ऐकण्याची वाट

शॅग्जपासून सुरुवात करू नका. नव्या माणसाला गंमत म्हणून तेच आधी ऐकवतात आणि तो पुढे काही ऐकतच नाही. शिवाय त्या मुली हौसेने उतरल्या नव्हत्या, त्यांना वडिलांनी उतरवलं होतं. हसण्याआधी तेवढं लक्षात ठेवावं.

सुरुवात 'नेब्रास्का'पासून करा. गाणारा विश्वासाचा आहे, तेवढ्यात कान टेपच्या सूं-सूंला सरावतो. मग माउंटन गोट्स या अमेरिकन बँडचा 2002 चा 'ऑल हेल वेस्ट टेक्सास' घ्या. तो पॅनासॉनिकच्या साध्या टेपरेकॉर्डरवर, त्याच्याच अंगच्या माइकवर मुद्रित झाला आहे. माइक मोटरच्या इतका जवळ की तिची घरघर गाण्यात सतत वाजत राहते. दोन गाण्यांनंतर ती तंबोऱ्यासारखी वाटू लागते. निदान काहींना तरी. तिसरा गायडेड बाय व्हॉइसेस या बँडचा 'बी थाउजंड' (1994): वीस गाणी, बहुतेक दोन मिनिटांच्या आतबाहेर, कल्पना संपली की गाणंही संपतं. या तिन्हींनंतर डॅनियल जॉन्स्टनचा 1983 चा 'हाय, हाउ आर यू' ऐका.

हा शेवटचा इअरफोनवर ऐकू नका. खोलीतल्या साध्या स्पीकरवर लावा आणि गाण्याचे शब्द समोर ठेवा. त्यातलं कॉर्ड ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचं चुलत भावंड. दोन्हींत धातूच्या पत्त्या हवेने वाजतात, फरक इतकाच की तिथे भाता हाताने मारण्याऐवजी छोटा विजेचा पंखा हवा देतो. त्या पंख्याचीही गुणगुण टेपवर आली आहे. आवाज वर चढताना फाटतो, पण फाटला म्हणून तो शब्द सोडत नाही. तिथे कान द्या. सूर कणसूर, म्हणजे किंचित हललेला आहे, शब्दांवरची पकड पक्की आहे. या प्रकारात काय जमलंय आणि काय नुसतंच ढिसाळ आहे, हे ओळखायची खूण तीच.

तीन वेळा ऐकूनही नकोसं वाटलं तर सोडून द्या. आवडलंच पाहिजे असं काही नाही. पण जॉन्स्टन दीर्घकाळ मानसिक आजाराशी झगडत होता. त्या आजाराला 'गोड वेडेपणा' समजून टाळ्या वाजवणारा रसिक हा चिडणाऱ्या रसिकापेक्षा वाईट.

यंत्र: टेप की फोन?

या सगळ्या प्रकाराला पाय फुटले ते 1979 मध्ये. त्या वर्षी टिअ‍ॅक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ 144' आणला. साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक घेणारं ते पहिलं यंत्र. नेहमीच्या कॅसेटला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक. पोर्टास्टुडिओ हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतो, शिवाय टेप दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला 9.5 सेंटिमीटर पळवतो. त्यामुळे सी-60 कॅसेट पंधरा मिनिटांत संपते. ती घरच्या डेकमध्ये लावली तर निम्मे ट्रॅक निम्म्या वेगाने ऐकू येतील आणि उरलेले निम्मे बाजू बदलल्यावर उलटे. ऐकून घाबरू नका, कॅसेट बिघडलेली नाही.

असं यंत्र हाती लागलंच तर आधी पुढची कामं करा. हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप पुढे ओढणारा धातूचा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. रबरी रोलर हलक्या हाताने, थोडक्या द्रवाने. आतला बेल्ट वर्षानुवर्षं पडून सैल पडलेला किंवा चिकट झालेला असतो. मग सूर लाटेसारखा वरखाली होतो आणि नवखा माणूस त्यालाच 'लो-फाय' समजून खूश होतो. ठरावीक, सावकाश हेलकावा एकवेळ खपेल, पण मध्येच घसरणारा सूर म्हणजे बिघाड. इंदूरच्या जेल रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे टेप उघडणारे जुने कारागीर अजून आहेत का ते विचारा. बेल्ट मागताना जुना सोबत न्या, परीघ आणि जाडी दोन्ही जुळावं लागतं.

कॅसेट सी-60 च घ्या. सी-90 ची पट्टी पातळ असते, पुढे-मागे ओढताना ती ताणते. बहुतेक पोर्टास्टुडिओ टाइप 2, म्हणजे क्रोम कॅसेटसाठी जुळवलेले असतात, साधी टाइप 1 लावली तर आवाज बोथट येतो. डॉल्बी किंवा डीबीएक्सचं (टेपची सूं-सूं कमी करणारं) बटण मुद्रण करताना चालू असेल तर ऐकतानाही चालू हवं. एकदा चालू, एकदा बंद असं झालं की आवाज दबका तरी होतो किंवा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो.

घरातल्या जुन्या कॅसेटवर मुद्रण करायचा मोह होईल. वरच्या कडेचे टॅब तोडलेले असतील तर भोकांवर चिकटपट्टी लावली की काम होतं. टाइप 2 कॅसेटला त्याच कडेला आणखी दोन खाचा असतात, यंत्र त्यांवरूनच टेपचा प्रकार ओळखतं, तेव्हा त्या झाकू नका. आणि आधी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका. लेबलवर 'भक्तिगीते' लिहिलेल्या कॅसेटच्या बी बाजूला, शेवटच्या पाच मिनिटांत, आजीचा आवाज असतो.

यातलं काही नसेल तर फोन पुरेसा आहे. मोफत अ‍ॅपमध्ये बँडलॅब चालेल, संगणकावर ऑडॅसिटी. अट एकच: चारच ट्रॅक वापरायचे. पाचवा लागला तर आधीचे एकत्र करायचे. अमर्याद ट्रॅक मिळाले की माणूस चुका झाकत बसतो, गाणं ठरवत नाही. फोनमधलं 'नॉइज सप्रेशन' बंद करा. ते पेटीचा लांबवलेला सूर खोलीचा गोंगाट समजून हळूहळू गिळतं. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये ठेवा. पातळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. टेपला जास्त आवाज दिला तर ती मऊपणे दबते, डिजिटल मात्र शून्यावर पोचलं की कट्कन फाटतं, आणि तो फाटका आवाज कुणालाच गोड लागत नाही.

आणखी एक चूक हमखास होते. पहिला ट्रॅक ऐकत दुसरा वाजवताना ब्लूटूथ हेडफोन घालतात. आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिराच्या ठेक्यावर वाजवता आणि नंतर सगळंच मागे पडलेलं निघतं. तारेचा इअरफोन घ्या. सुरुवातीला एक टाळी प्रत्येक ट्रॅकवर घ्या, मग थोडंफार सरकलं तरी टाळीला टाळी जुळवता येते.

खोली आणि वेळ

गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती असलेली खोली टाळा. कपड्यांचं कपाट सताड उघडून त्याच्याकडे तोंड करून गा. मागे दोरीवर गोधडी टाका, खाली सतरंजी. इतकं पुरतं.

राजवाडा-सराफ्याच्या बाजूला राहत असाल तर रात्रीचा नाद सोडा, खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही जागी असते. पहाटे साडेचार ते सहा उत्तम. त्यानंतर कचरागाडी गाणं लावत येते, आणि ते गाणं तुमच्या गाण्यापेक्षा सुरात असतं. नियम असा की जो आवाज सतत चालू असतो तो कानाआड होतो आणि जो मध्येच सुरू होतो तो खुपतो. मे महिन्यात पंखा बंद करून गाता येत नसेल तर तो पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत त्याच वेगावर चालू ठेवा. अर्ध्या ओळी पंख्यासह आणि अर्ध्या पंख्याविना घेतल्या तर जोड ऐकू येतो.

पेटीवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. विजेची गुणगुण 50 हर्ट्झची असते आणि तिची 100 हर्ट्झची जोडीदारीण पुष्कळदा जास्त ऐकू येते. पांढरी पाचचा (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) खालचा सा साधारण 98 हर्ट्झला असतो. म्हणजे ही गुणगुण त्या सा पेक्षा थोडी चढी, अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन या गतीने आवाज थरथरतो. पांढरी एकमध्ये गायलात तर तीच गुणगुण पंचमाला खेटते. पेटी बेसूर झाली म्हणून दुरुस्तीला टाकू नका. चार्जर काढा, फोन किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा, मग ऐका. तरी उरली तर ऑडॅसिटीत 50, 100 आणि 150 वर अरुंद नॉच फिल्टर (नेमका तेवढाच सूर कापणारी गाळणी) लावा.

वाद्यं आणि माइक

तीन वाद्यांपेक्षा जास्त नको. पेटी, बुलबुल तरंग, खंजिरी, कॅसिओचा लहान कीबोर्ड, स्टीलचा डबा, जे घरात असेल ते. सुरात लावताना क्रम महत्त्वाचा: पेटीचा सूर बदलता येत नाही, म्हणून गिटार पेटीला लावा, मोबाइलच्या ट्यूनरला नाही. जुनी पेटी 440 हर्ट्झच्या (ट्यूनरच्या प्रमाण) मापाला तंतोतंत असेलच असं नाही. कीबोर्डला बारीक ट्यूनिंगची सोय नसेल तर पेटी आणि कीबोर्ड यांपैकी एकच ठेवा. हा कणसूरपणा गळ्यातला नसून यंत्रांच्या भांडणातला असतो, आणि तो गोड लागत नाही.

फोन पेटीवर ठेवू नका, भात्याचे धक्के त्यात ठोक्यासारखे येतात. दीड-दोन फुटांवर, स्टुलावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, माइकची कड पेटीकडे. बऱ्याच फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो आणि हातात धरताना नेमका तोच तळव्याखाली जातो. गाताना तोंड साधारण वीतभर दूर आणि किंचित तिरकं ठेवा. 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचे भपकारे येत असतील तर भरतकामाच्या रिंगवर पातळ मोजा ताणून मध्ये धरा.

घुमारा हवा असेल तर अ‍ॅपमधला नको. गायलेला ट्रॅक न्हाणीघरात स्पीकरवर वाजवा, दुसरा फोन दाराशी ठेवून परत मुद्रित करा आणि तो मूळ आवाजाखाली हळूच मिसळा. नळ ठिबकत नाही ना, तेवढं बघा.

चार ट्रॅकमध्ये दहा वाद्यं

हा भाग आधी कागदावर मांडा. ट्रॅक 1, 2, 3 वर तीन गोष्टी घ्या. मग त्या तिन्ही ट्रॅक 4 वर उतरवा आणि उतरवतानाच चौथी प्रत्यक्ष वाजवा. आता 1, 2, 3 मोकळे. 1 आणि 2 वर नवीन भरा, ते 3 वर उतरवताना आणखी एक वाजवा. मग 1 वर एक, ते 2 वर उतरवताना एक, आणि शेवटी 1 वर एक. चार, तीन, दोन, एक: दहा झाल्या.

किंमत मोजावी लागतेच. प्रत्येक उतरवणीत टेपची सूं-सूं वाढते आणि वरचा चमकदार आवाज घटतो. म्हणून ठेका, खर्ज, पेटीचे लांब सूर आधी भरा, खंजिरी आणि गळा शेवटी. उलट केलंत तर गाणारा गोधडीखालून गातोय असं वाटेल. एकदा उतरवलं की आतलं प्रमाण बदलता येत नाही, तेव्हा उतरवण्याआधी लहान स्पीकरवर ऐकून घ्या. फोनवरही हाच कडकपणा पाळा: एकत्र केलं की जुने ट्रॅक खरोखर पुसून टाका. हात थरथरेल.

गाणं

दोन-अडीच मिनिटं. तीन कॉर्ड किंवा नुसता सा-प. एक धून, जी पहिल्या वीस सेकंदांत आली पाहिजे. यंत्र कच्चं असलं की धून आणि शब्द यांवर दुप्पट भार येतो.

शब्द घरच्या मराठीत लिहा. इंदुरी घरात 'मी येऊन राहिलोय' म्हणत असाल तर गाण्यातही तेच येऊ द्या. पुण्याच्या भावगीताची भाषा उसनी आणली की आवाज कच्चा आणि भाषा इस्त्रीची असं विचित्र जुळतं आणि ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. 'चंद्र', 'चांदणं', 'तुझ्याविना' हे शब्द पहिल्या तीन गाण्यांपुरते बंद ठेवा. स्कूटरची किक, पोह्यांवरची शेव, भाडेकरार, मावशीचं गुडघेदुखीचं तेल, यांना या प्रकारातली माणसं भाव देतात.

प्रत्येक ट्रॅकचे तीनच प्रयत्न घ्या. मग ठरवा काय ठेवायचं. श्वास, खुर्चीची करकर, तारेवरून सरकणारं बोट, जरा चढा लागलेला गंधार हे राहू द्या. न कळणारा शब्द, फाटलेली पातळी, ठेक्यावरून पडून परत न सावरलेली ओळ, हे पुन्हा घ्या. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर एका ओळीला लावलंत तर बाकीच्या ओळी उघड्या पडतात, त्यामुळे नकोच.

आणि कृपा करून वरून तबकडीची खरखर चिकटवू नका. ती चार-पाच सेकंदांचा तुकडा फिरवून केलेली असते. तोच 'टक्' प्रत्येक आवर्तनात त्याच मात्रेवर येतो आणि एकदा ऐकू आला की दुसरं काही ऐकू येत नाही.

ऐकवणं

मिक्स मोनोमध्ये करा आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर तपासा. तिथे खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. बास फक्त खालच्या पट्टीत असेल तर गाणं पोकळ वाटेल, त्याला मधला आवाज थोडा द्या. सगळं मोठं ऐकू यावं म्हणून शेवटी कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारी सोय) जोरात लावू नका, शब्दांच्या मधल्या जागेत सूं-सूं उसळून वर येते. मग बँडकॅम्प किंवा यूट्यूब, जिथे सोयीचं असेल तिथे टाका.

गणेशोत्सवाच्या मंडपात, मोठ्या स्पीकरवर हे वाजवायला देऊ नका. तिथल्या भोंग्यांत सूं-सूं दहापट होते आणि शब्द विरघळतात. दहा-पंधरा माणसं, एक खोली, एक लहान स्पीकर आणि हातात गाण्याचे शब्द छापलेला कागद, असं ऐकवा. कुणी 'बेसूर' म्हणालंच तर वाद घालू नका. कुठल्या ओळीला, ते विचारा. ती ओळ खरोखर बेसूर असण्याची शक्यता बरीच आहे. शब्द कळला नाही अशी तक्रार मात्र दोघांकडून आली तर तेवढा ट्रॅक पुन्हा घ्या.

कॅसेट केली असेल तर पूर्ण मागे गुंडाळून, डबीत उभी ठेवा, स्पीकरच्या चुंबकापासून आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डपासून दूर. आणि वरचे दोन्ही टॅब तोडा, नाहीतर घरातलंच कोणीतरी त्यावर आरत्या भरेल.